कामाचा कुत्रा आणि कागदावरची जात

एचएमव्हीची तबकडी पाहिलेली पिढी आता उतारवयाला लागली आहे. नाट्यगीत असो, लावणी असो की कव्वाली, तबकडी फिरायला लागली की मधल्या गोल कागदावरचा तो पांढरा कुत्राही फिरायचा. कर्ण्यात कान देऊन बसलेला. ज्या घरांत कुत्र्याला उंबरठ्याच्या आत जागा नव्हती, त्या घरांतही हा एक कुत्रा बिनदिक्कत दिवाणखान्यात होता आणि त्याला कुणी हाकलत नसे.

त्याचे नाव निपर. जन्म १८८४, इंग्लंडमधील ब्रिस्टल. घरी आलेल्या पाहुण्यांच्या पोटऱ्यांना तोंड लावायची खोड होती, म्हणून हे नाव. मालक वारल्यावर तो मालकाचा भाऊ, चित्रकार फ्रान्सिस बरॉड याच्याकडे आला. १८९५ मध्ये तो मेला आणि त्यानंतर काही वर्षांनी बरॉडने त्याचे चित्र काढले. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते चित्र हक्कांसह शंभर पौंडांना घेतले. पुढचा इतिहास आपल्या सगळ्यांच्या घरात घडला.

निपर नेमका कोणत्या जातीचा, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. कुणी त्याला फॉक्स टेरिअर म्हणतो, कुणी जॅक रसेल, कुणी बुल टेरिअरचे रक्त सांगतो. टेरिअर होता एवढे नक्की. त्याच्या हयातीत हा प्रश्न कुणाला फारसा पडला नसावा. आज मात्र कुत्रा घेणारा माणूस पहिला प्रश्न जातीचाच विचारतो. ‘उंदीर-घुशींसाठी, शिकारीसाठी, शेतावरच्या कामासाठी टेरिअर हवा आहे, कोणत्या जातीचा घेऊ?’

प्रश्न साधा वाटतो. पण ब्रिटनमध्ये गेली साडेचारशे वर्षे या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. एक उत्तर सांगते, त्याची आई काय काम करते ते पाहा. दुसरे सांगते, त्याची वंशावळ कोणत्या वहीत नोंदली आहे ते पाहा. या दोन उत्तरांमधली ओढाताण म्हणजेच टेरिअरचा इतिहास. मराठीत आपण ‘ब्रीड’ला ‘जात’ म्हणतो, त्यामुळे हा इतिहास आपल्याला जरा जास्तच ओळखीचा वाटेल.

जमिनीत शिरणारा

लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन. त्यावरून फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द ‘टेरिअर’. जो जमिनीत शिरतो तो टेरिअर. म्हणजे या शब्दाने सुरुवातीला कोणतीही जात सांगितली नाही, त्याने फक्त काम सांगितले.

१५७० मध्ये जॉन कायस या इंग्रज वैद्याने ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. केंब्रिजमधले एक महाविद्यालय आजही त्याचे नाव लावते. स्वित्झर्लंडचा निसर्गअभ्यासक कोनराड गेसनर याच्यासाठी त्याने ही माहिती जमवली होती. १५७६ मध्ये पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झाला. त्यात कायसने कुत्र्यांची विभागणी रंग किंवा कानांच्या ठेवणीवरून केलेली नाही, कामावरून केली आहे. वासाने माग काढणारे, नजरेने पाठलाग करणारे, मेंढरे राखणारे, आणि कोल्हा व बॅजर यांच्या बिळात शिरून त्यांना बाहेर काढणारे. ही शेवटची मंडळी म्हणजे टेरिअर.

बॅजर हा आपल्याकडे न दिसणारा प्राणी. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, अंगाने दणकट, जबडा भयंकर आणि घर जमिनीखाली खोलवर. इंग्लंडचा कोल्हा म्हणजे आपल्या खोकडाचा भाऊबंद, तांबूस रंगाचा. तो पाठलाग झाला की बिळात शिरतो. घोडेस्वार आणि शिकारी कुत्र्यांचा मोठा ताफा बिळाच्या तोंडाशी येऊन थांबतो, कारण मोठा कुत्रा आत जाऊ शकत नाही. तिथून पुढचे काम टेरिअरचे.

हे काम समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. बिळात अंधार असतो, हवा कमी असते, वळायला जागा नसते. समोरचा प्राणी तोंड करून उभा असतो. कुत्र्याने त्याच्यासमोर उभे राहून भुंकत राहायचे. एकतर कोल्हा दुसऱ्या तोंडाने बाहेर पळतो, नाहीतर वरची माणसे आवाजाचा अंदाज घेत तिथपर्यंत खणत येतात. म्हणजे कुत्र्याला धाडस हवे, पण आंधळा राग नको. आत जाऊन झुंजत बसणारा कुत्रा जखमी होतो, मरतो, आणि कोल्हाही बाहेर येत नाही. आवाज खणखणीत हवा. अंगावरचे केस दाट आणि राठ हवेत, म्हणजे पाऊस, चिखल, दात यांपासून बचाव होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे, छाती अरुंद हवी.

छाती मोजण्याची जुनी रीत अशी. कुत्र्याच्या पुढच्या पायांच्या मागे दोन्ही हातांची पकड घालायची. दोन्ही हातांचे अंगठे वर आणि बोटे खाली एकमेकांना टेकली, तर कुत्रा बिळात जाण्याजोगा. घेर साधारण चौदा इंच. ना फूटपट्टी, ना दाखला. शेतकऱ्याचे दोन हात हेच माप.

दूधवाल्याची कुत्री

जॉन रसेलचा जन्म १७९५ मध्ये डेव्हन परगण्यातल्या डार्टमथ गावी झाला. ऑक्सफर्डमध्ये तो धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता, पण जीव शिकारीत अडकलेला. त्याच्या चरित्रात आलेली आठवण अशी की, १८१९ च्या सुमारास ऑक्सफर्डजवळच्या मार्स्टन गावाकडे हातात पुस्तक घेऊन फिरत असताना त्याला एक दूधवाला दिसला. दूधवाल्याबरोबर एक लहानशी कुत्री होती. अंगाने पांढरी, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तांबूस ठिपके, शेपटीच्या बुडाशी पेनीच्या नाण्याएवढा तसाच एक डाग. रसेल जागीच थांबला आणि ती कुत्री विकत घेऊनच परतला. तिचे नाव ट्रम्प.

ट्रम्पची आई कोण, बाप कोण, हे कुणाला ठाऊक नव्हते. दूधवाल्याकडे दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. रसेलने पाहिला तो तिचा बांधा. उंची आणि आकार कोल्ह्याच्या पूर्ण वाढलेल्या मादीएवढा, पाय सरळ, कातडी जाड, केस दाट. तिचा पांढरा रंगही कामाचा होता. मातीने माखलेला तांबडा टेरिअर बिळातून बाहेर आला, तर बाहेरचे शिकारी कुत्रे त्यालाच कोल्हा समजून फाडतात, असे शिकारी सांगत. पांढरा कुत्रा लगेच ओळखू येतो.

पुढे रसेल डेव्हनमधल्या स्विमब्रिज गावी धर्मोपदेशक म्हणून गेला आणि जवळपास अर्धशतक तिथे राहिला. एक्झिटरचा बिशप फिलपॉट्स त्याच्या शिकारीच्या नादावर नाराज असे. रसेलने ना धर्मपीठ सोडले ना शिकार. त्याने ट्रम्पपासून पैदास सुरू केली, आणि प्रत्येक पिढीत एकच कसोटी ठेवली, कुत्रा कामाला उतरतो की नाही. बाहेरचा चांगला कुत्रा दिसला की त्याचे रक्त मिसळायला त्याची ना नव्हती. आपले टेरिअर कोल्ह्याला मारत नाहीत, त्याला बिळातून हुसकतात, याचा त्याला अभिमान होता.

आज जगभर ‘जॅक रसेल टेरिअर’ म्हणून ओळखले जाणारे कुत्रे याच माणसाच्या नावाने ओळखले जातात. पण यातली एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. रसेल पैशांच्या बाबतीत कायम अडचणीत असे. एकाहून अधिक वेळा त्याला आपले सगळे कुत्रे विकावे लागले. १८८३ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्याकडे पैदाशीच्या वयापलीकडे गेलेले चार म्हातारे टेरिअर उरले होते. ट्रम्पपासून आजपर्यंत अखंड चालत आलेली शुद्ध वंशावळ ही कल्पना छान आहे, पण तिला आधार नाही. टिकली ती रीत, रक्त नव्हे.

खाणीतले, गिरणीतले

टेरिअरचा इतिहास केवळ घोडेस्वार जमीनदारांचा आणि शिकारी पाद्र्यांचा नाही. किंबहुना, जास्तीत जास्त जाती घडवल्या त्या कष्टकऱ्यांनी.

नॉर्थम्बरलँडमधले बेडलिंग्टन हे कोळशाच्या खाणींचे गाव. इथल्या खाणकामगारांनी आणि कारागिरांनी एक चपळ, कमानदार पाठीचा टेरिअर घडवला. १८२५ च्या सुमारास जोसेफ एन्स्ली या गवंड्याने आपल्या कुत्र्याला पहिल्यांदा ‘बेडलिंग्टन टेरिअर’ म्हटले. हा कुत्रा दिवसा उंदीर मारी, सुट्टीच्या दिवशी शर्यतीत पळे आणि रात्री जमीनदाराच्या रानातला ससा चोरून घरी आणी. खाणकामगाराच्या ताटात मांस पडायचे, ते बऱ्याचदा या कुत्र्याच्या कृपेने.

यॉर्कशरच्या एअर नदीकाठच्या गिरणी कामगारांनी टेरिअरचा संबंध पाणमांजराची शिकार करणाऱ्या ऑटरहाउंडशी आणून एअरडेल घडवला. तो इतका मोठा झाला की बिळात शिरणे त्याला शक्यच नाही. त्यांना हवा होता नदीकाठच्या घुशींमागे पाण्यात उडी घेणारा कुत्रा. नाव टेरिअर राहिले, काम बदलले आणि कामाप्रमाणे अंगही बदलले.

स्कॉटलंडच्या सीमेवर जेम्स डेव्हिडसन नावाचा शेतकरी होता. तो आपल्या टेरिअरना रंगाप्रमाणे मिरी आणि मोहरी या दोनच नावांनी हाक मारी. १८१५ मध्ये वॉल्टर स्कॉटच्या ‘गाय मॅनरिंग’ कादंबरीत असाच एक शेतकरी आला, डँडी डिनमाँट. कादंबरी इतकी गाजली की कुत्र्यांनाच त्या पात्राचे नाव मिळाले. कल्पित माणसाचे नाव लावणारी ही कुत्र्यांची बहुधा एकमेव जात.

शहरांतही टेरिअरला काम होते. लंडनमध्ये उंदरांचा सुळसुळाट झालेला. पत्रकार हेन्री मेह्यूने लंडनच्या गरिबांच्या मुलाखती घेतल्या, त्यात जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा भेटतो. स्वतःला तो राणी व्हिक्टोरियाचा उंदीरमार म्हणवी. टेरिअरची पैदास हा त्याचा जोडधंदा. पण याच शहरात दारूच्या गुत्त्यांमागे लाकडी हौद बांधून त्यात उंदीर सोडत आणि कुत्रा किती वेळात किती मारतो यावर पैजा लावत. १८२३ मध्ये बिली नावाच्या कुत्र्याने साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. १८३५ च्या प्राणिक्रूरता कायद्याने अस्वल आणि बैलांच्या झुंजी बंद केल्या, उंदरांचे हौद मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. गोठ्यातला उंदीर मारणे वेगळे आणि पैजेसाठी शंभर उंदीर एका हौदात कोंडणे वेगळे. कामाच्या आडून क्रौर्य किती सहज आत शिरते, हेही या इतिहासात नोंदवून ठेवले पाहिजे.

१८७३ ची नोंदवही

१८५९ मध्ये न्यूकासलला कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. तिथे पॉइंटर आणि सेटर या बंदुकीच्या शिकारीतल्या दोनच जाती होत्या आणि बक्षीसही बंदूकच होती. काही वर्षांतच अशा प्रदर्शनांचे पेव फुटले. रेल्वेमुळे कुत्रे गावोगावी नेणे सोपे झाले होते आणि नव्या मध्यमवर्गाच्या हातात पैसा खुळखुळत होता. फसवाफसवी वाढली, एकाच नावाचे दहा कुत्रे प्रदर्शनात दिसू लागले. त्याला शिस्त लावण्यासाठी १८७३ मध्ये सेवालिस शर्ली या खासदाराच्या पुढाकाराने लंडनमध्ये ‘केनेल क्लब’ स्थापन झाला. १८७४ मध्ये त्यांची पहिली वंशनोंदवही निघाली.

हेतू वाईट नव्हता. पण नोंदवहीने एक मूलभूत बदल केला. तोवर जात म्हणजे काम होते. आता जात म्हणजे नोंद झाली. ज्याचे आई-बाप वहीत आहेत तोच त्या जातीचा, मग तो बिळाच्या तोंडाशी थरथर कापत उभा राहिला तरी चालेल. आणि ज्याचे आई-बाप वहीत नाहीत तो कितीही कर्तबगार असला तरी बेजातीचा. वहीचे दार हळूहळू बंद होत गेले.

दुसरा बदल परीक्षकाच्या नजरेचा. मांडवात बीळ नसते. परीक्षक धाडस पाहू शकत नाही, आवाज पाहू शकत नाही, अंधारातली सबुरी पाहू शकत नाही. त्याला दिसते ती मानेची ऐट, कानाची घडी, डोक्याची लांबी. मग पैदास करणारे त्याचीच पैदास करू लागले. फॉक्स टेरिअर हा याचा पहिला बळी. काही दशकांत त्याचे डोके लांबोडे झाले, खांदे उभे झाले आणि छाती इतकी खोल झाली की दोन हातांत मावेना. ‘फॉक्स’ नावात राहिला, फॉक्सच्या बिळात जाणे संपले.

जॉन रसेल हा केनेल क्लबच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक होता. १८७४ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात तो फॉक्स टेरिअरचा परीक्षकही होता. पण स्वतःचे फॉक्स टेरिअर त्याने प्रदर्शनात कधी उतरवले नाहीत. आपले कुत्रे आणि प्रदर्शनातले कुत्रे यांत रानगुलाब आणि बागेतला गुलाब यांच्याइतका फरक आहे, अशा अर्थाचे तो बोलला होता.

इथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. रसेल वारला त्याच १८८३ साली फ्रान्सिस गॅल्टनने ‘युजेनिक्स’ हा शब्द छापला. चांगल्या वंशाच्या माणसांची पैदास वाढवावी, हा त्याचा विचार. घोडे आणि कुत्र्यांची पैदास हा त्या काळच्या इंग्रजांच्या नजरेसमोरचा दाखला होता. जे पशूंमध्ये साधते ते माणसांमध्ये का साधू नये, असा तो तर्क. तो पुढे कुठवर गेला हे विसाव्या शतकाने पाहिले. गंमत अशी की पशूंमध्येही ते साधत नव्हते. वहीत कोंडलेल्या कुत्र्यांमध्ये गुण टिकण्याऐवजी रोग साठत होते. खाणकामगारांच्या बेडलिंग्टनचेच उदाहरण घ्या. कात्रीने कोरून त्याला कोकरासारखे रूप दिले गेले. मोजक्याच कुत्र्यांपासून पैदास होत राहिली आणि यकृतात तांबे साठण्याचा आनुवंशिक आजार त्या जातीत पसरला. २००२ मध्ये त्यामागचा जनुकीय दोष शोधला गेला, त्यानंतर तपासणी करून पैदास करणे शक्य झाले.

दोन जातींची दोन नशिबे

वेल्समधल्या पेम्ब्रोकशरमध्ये कॅप्टन जॉन एडवर्ड्स याने सीलिहॅम या आपल्या वाड्यावर आखूड पायांचा, बळकट जबड्याचा पांढरा टेरिअर घडवला. १८९१ मध्ये तो वारला. त्याच्या कसोट्या निर्दय होत्या असे सांगतात. जे पिल्लू कचरले, त्याला तो गोळी घाली. १९११ मध्ये केनेल क्लबने सीलिहॅमला मान्यता दिली. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती श्रीमंतांची आणि सिनेमावाल्यांची आवडती जात झाली. आल्फ्रेड हिचकॉकनेही सीलिहॅम पाळले. केस वाढले, अंग जड झाले, काम सुटले. मग फॅशनही बदलली. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षभरात सीलिहॅमच्या फक्त ४३ पिल्लांची नोंद झाली. काम गेले तेव्हा शोभा होती, शोभा गेली तेव्हा मागे काहीच उरले नाही.

बॉर्डर टेरिअरची गोष्ट उलटी. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या उजाड डोंगराळ प्रदेशातला हा कुत्रा. दिवसभर घोड्यामागे धावायचे म्हणून पाय पुरेसे लांब आणि शेवटी बिळात जायचे म्हणून छाती अरुंद. १९२० मध्ये त्यालाही मान्यता मिळाली. पाळणाऱ्यांपैकी कित्येकांचा तिला विरोध होता, कारण फॉक्स टेरिअरचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. त्यांनी जातीच्या वर्णनातच दोन गोष्टी लिहून घेतल्या. कुत्रा घोड्याबरोबर धावू शकला पाहिजे आणि त्याची छाती दोन हातांत मावली पाहिजे. आजही प्रदर्शनात परीक्षक बॉर्डर टेरिअरला दोन हातांत धरून पाहतो. शंभर वर्षांत हा कुत्रा फारसा बदलला नाही. नोंदवही असतेच वाईट असे नाही, वहीत काय लिहिता याला महत्त्व आहे.

तिसरा मार्ग निवडला तो इंग्लंडच्या वायव्येकडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या मेंढपाळांनी. तिथल्या कड्याकपारींत घोडा चालत नाही. शिकार पायी चालते आणि कोल्हा म्हणजे खेळ नव्हे, कोकरे पळवणारा शत्रू. तिथला फेल टेरिअर आणि त्याचाच काळसर भाऊ पॅटरडेल. यांच्या मालकांनी ब्रिटिश केनेल क्लबचे दार कधी ठोठावलेच नाही. त्यामुळे पॅटरडेल एकसारखे दिसत नाहीत. कुणाचे केस राठ, कुणाचे मऊ, कुणी काळा, कुणी तांबडा. काम करतो तो पॅटरडेल.

नावावरून भांडण

रसेलच्या मृत्यूनंतर त्याच्या कुत्र्यांची परंपरा डेव्हन-सॉमरसेट भागात आर्थर हाइनमन याने चालवली. १८९४ मध्ये त्याने बॅजरच्या शिकारीसाठी एक मंडळ काढले आणि पुढे या टेरिअरचे पहिले लेखी वर्णनही तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकार कमी झाली, हे कुत्रे घरांत आले. कुणी त्यांचा संकर कॉर्गीशी केला, कुणी आणखी कशाशी. कोणताही लहान, पांढरा, खोडकर कुत्रा ‘जॅक रसेल’ म्हणून विकला जाऊ लागला.

१९७० च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेत कामाचे जॅक रसेल सांभाळणाऱ्यांनी स्वतःच्या संघटना काढल्या. अमेरिकेतली संघटना १९७६ ची. तिचा नियम वाचण्यासारखा आहे. पिल्लाची नोंद जन्मतः होत नाही. कुत्रा वर्षाचा झाल्यावर पशुवैद्याचा दाखला घेऊन यायचे, मग त्याची स्वतःची तपासणी. आई-बाप नोंदलेले आहेत म्हणून मुलाला आपोआप जागा नाही. जवळच्या नात्यातल्या पैदाशीवर मर्यादा. शिवाय खऱ्या बिळात काम केल्याचे प्रमाणपत्र वेगळे.

या संघटनांनी केनेल क्लबच्या मान्यतेला कडाडून विरोध केला. तरीही १९९० मध्ये ब्रिटनमध्ये ‘पार्सन जॅक रसेल’ला मान्यता मिळाली आणि १९९९ मध्ये नावातून ‘जॅक’ गळाला. अमेरिकेतही वाद झाला आणि तिथल्या केनेल क्लबच्या वहीतही शेवटी ‘पार्सन रसेल’ हे नाव आले. २०१६ मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने आखूड पायांच्या ‘जॅक रसेल’ला वेगळी जात म्हणून वहीत घेतले. एका माणसाच्या नावाच्या अशा दोन जाती झाल्या. त्या माणसाने स्वतः मात्र दूधवाल्याच्या बेनामी कुत्रीपासून सुरुवात केली होती.

मग कोणता घ्यावा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ब्रिटनमधला जुना जाणकार आजही जातीचे नाव शेवटी सांगतो. आधी विचारतो, काम कोणते? शेतावरचे उंदीर-घुशी मारायच्या तर कामाच्या वाणाचा जॅक रसेल किंवा बॉर्डर उत्तम. विसाव्या शतकात ब्रायन प्लमर या लेखकाने खास उंदरांच्या शिकारीसाठी जॅक रसेल, बीगल, बुल टेरिअर अशा अनेकांच्या संकरातून घडवलेला प्लमर टेरिअरही आहे. थंडी-पावसाच्या डोंगरात, खडकांच्या कपारीत काम असेल तर फेल किंवा पॅटरडेल. पण पॅटरडेल तडफदार असतो, नवशिक्याला तो झेपत नाही.

जात ठरल्यावर तो पुढची गोष्ट सांगतो. पिल्लू पाहू नका, त्याची आई पाहा, आणि तीही अंगणात नव्हे, कामावर. तिच्यात सबुरी आहे का, हाक मारल्यावर परत येते का, कोंबड्या-मेंढ्यांना तोंड लावते का. छाती दोन हातांत धरून पाहा. आणि स्वतःला विचारा, काम नसलेल्या दिवशी या कुत्र्याचे काय करणार? टेरिअरला काम दिले नाही तर तो स्वतःच काम शोधतो. मग बाग, गादी, शेजाऱ्याची मांजर, काहीही चालते. शहरातल्या बंद घरांत आणून नंतर सोडून दिलेल्या टेरिअरची संख्या थोडी नाही. १९९३ पासून चाललेल्या ‘फ्रेझियर’ या अमेरिकी मालिकेतला शांत, गोंडस जॅक रसेल पाहून अनेकांनी हा कुत्रा घेतला. पडद्यावरचा कुत्रा शिकवलेला होता, घरी आलेला नव्हता.

प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, ती कोल्ह्याची. ब्रिटनमध्ये १९७३ पासून बॅजरला कायद्याचे संरक्षण आहे, इंग्लंड-वेल्समध्ये १९७८ पासून पाणमांजरालाही. २००० मध्ये लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने कुत्र्यांच्या शिकारीचा अभ्यास केला. बिळात कोंडून, खणून काढून मारण्यात कोल्ह्याचे मोठे हाल होतात, असे समितीने नोंदवले. २००४ चा शिकार कायदा इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी २००५ मध्ये लागू झाला. बिळात टेरिअर सोडणे आता फक्त शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांच्या रक्षणापुरते, एका वेळी एकच कुत्रा, जमीनधारकाची लेखी परवानगी जवळ बाळगून, अशा अटींवर चालते. उंदीर आणि सशांना हे बंधन नाही. म्हणजे ज्या कामावरून या कुत्र्याला नाव मिळाले, ते काम जवळपास संपले. उंदीर मात्र उरले, आणि विषाला दाद न देणारे उंदीर वाढले, तसे कित्येक शेतांवर टेरिअर परत आले. मालकांना धक्का बसला असेल, टेरिअरला नाही. त्याच्या पूर्वजांनी साडेचारशे वर्षे हेच केले होते. काम बदलले की तो बदलत होता.

शिकवलेला कुत्रा

कुत्रा म्हटले की मुस्लिम वाचकाच्या मनात एक प्रश्न येतोच, म्हणून त्याबद्दल थोडे. कुरआनच्या सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे. बिळातला कोल्हा खाण्यासाठी मारला जात नाही, त्यामुळे टेरिअरला हा नियम थेट लागू होत नाही. पण कुत्रा ‘शिकवलेला’ कधी मानायचा यावर फकीहांनी केलेली चर्चा पाहण्यासारखी आहे. सोडल्यावर जातो का, रोखल्यावर थांबतो का, शिकार मालकासाठी राखतो की स्वतःच खातो? तपशिलात मजहबांमध्ये मतभेद आहेत. पण कसोटी सगळीकडे तालमीची आहे. कुत्र्याचा वंश कुणी विचारलेला नाही.

आपल्या दख्खनमध्येही ही गोष्ट वेगळ्या रूपात घडली. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा कारवान कुत्रा टेरिअरच्या अगदी उलट, बिळात शिरण्याऐवजी नजरेने ससा हेरून पळणारा. नावातच ‘कारवाँ’ आहे आणि लांब केसांच्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात, तो शब्दही फारसीतून आलेला. सांगली-सोलापूरपासून बागलकोटपर्यंतच्या खेड्यांत, धनगरवाड्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या नोंदीशिवाय टिकला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव जगाला कळले. आज मुधोळ खरा की कारवान खरा, यावर दावे-प्रतिदावे होतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हे त्याचे काम राहिले नाही. २०१६ मध्ये लष्कराने मेरठला मुधोळ कुत्र्यांना शिकवायला घेतले, त्यातून नवे काम मिळण्याची वाट उघडली. ती उघडली नाही तर काय होते, ते सीलिहॅमने दाखवले आहे.

जात जपायची असेल तर काम जपा, एवढेच हा इतिहास सांगतो. शुद्धतेचा आग्रह धरून कुणी टिकले नाही. ज्यांनी हुनर पाहिले, बाहेरच्याला आत घेतले आणि प्रत्येक पिढीला नव्याने पारखले, त्यांचे कुत्रे आजही शेतावर दिसतात. माणसांच्या बाबतीत यातून काय घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. गॅल्टनने घेतले ते मात्र घेऊ नये.

आणि निपर? तो कर्ण्यात कान देऊन अजून बसला आहे. त्याची जात आजवर ठरली नाही. त्यावाचून कुणाचे अडलेही नाही.